हृदयाचा ताल आणि त्याचे बिघाड

विश्रांतीत असलेल्या निरोगी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा आकुंचन पावते. दिवसाचा हिशेब केला तर हे ठोके एक लाखाच्या आसपास भरतात. प्रत्येक ठोक्याआधी हृदयाच्या स्नायूतून एक विद्युत-संदेश जातो. तो कोठून निघतो, कोणत्या वाटेने जातो आणि किती वेगाने पोहोचतो, यावर हृदयाचा ताल ठरतो. उगम, वाट किंवा वेग यांपैकी काहीही बिघडले की ताल बिघडतो. वैद्यकात त्याला ॲरिथमिया म्हणतात. या एका नावाखाली निरुपद्रवी चुकार ठोक्यापासून काही मिनिटांत जीव घेणाऱ्या अवस्थेपर्यंत अनेक बिघाड मोडतात. रुग्णाला होणारा त्रास आणि त्याच्या जिवाला असलेला धोका यांचे प्रमाण मात्र व्यस्तही असू शकते. धडधडीने घाबरलेल्या तरुणाचे हृदय बहुधा सुदृढ निघते, तर सत्तरीतल्या ज्या व्यक्तीला काहीच जाणवत नाही ती पक्षाघाताच्या उंबरठ्यावर असू शकते. म्हणून तालाच्या प्रत्येक बिघाडात तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात : हा ताल नेमका कोणता, तो कशामुळे उद्भवला, आणि तो बदलल्याने या माणसाचे काय भले होईल?

विजेची वाट

वरची महाशीर उजव्या अलिंदात जिथे उघडते, तिथे सायनस नोड हा विशेष पेशींचा लहानसा पुंजका असतो. या पेशी कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता ठरावीक अंतराने स्वतःहून संदेश सोडतात. संदेश दोन्ही अलिंदांत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, पसरतो; ते आकुंचन पावून रक्त खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, ढकलतात. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये वीज वाहून न नेणाऱ्या तंतुमय ऊतीचे पटल असते. ते ओलांडण्याची एकच नैसर्गिक वाट आहे : एव्ही नोड. तेथे संदेश सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका रेंगाळतो आणि तेवढ्यात निलय रक्ताने भरून घेतात. पुढे हिसचा जुडगा, त्याच्या उजव्या-डाव्या शाखा आणि पुर्किंजे तंतू यांच्यामार्फत तो दोन्ही निलयांत जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो. सायनस नोड थकला तर एव्ही नोडचा परिसर मिनिटाला ४० ते ६० ठोके देऊ शकतो. तोही थांबला तर निलयांतले तंतू २० ते ४० देतात. हा राखीव ताल जीव तगवतो, पण कामाला पुरत नाही.

ही वाट कळायला जवळपास सत्तर वर्षे लागली. यान पुर्किंजे यांना १८३९ मध्ये निलयांतले तंतू दिसले, पण त्यांचे काम उमगले नव्हते. विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये अलिंद आणि निलय जोडणारा जुडगा दाखवला. जर्मनीत मारबुर्ग येथे संशोधन करणारे जपानी वैद्य सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये एव्ही नोड शोधून संपूर्ण वाटेचा नकाशा मांडला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांना सायनस नोड सापडला. त्याच काळात नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन हीच वीज शरीराबाहेरून मोजण्याच्या खटपटीत होते. त्यांच्या तारेच्या गॅल्व्हॅनोमीटरसमोर रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे, आणि यंत्राचे वजन पावणेतीनशे किलोच्या घरात होते. १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटर दूरच्या रुग्णालयातल्या रुग्णाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज तालुक्याच्या दवाखान्यात काही मिनिटांत निघणारा ईसीजी हा त्याच यंत्राचा वारस आहे.

ताल बिघडतो कसा

हृदयपेशीच्या पटलावरून सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचे आयन ठरलेल्या क्रमाने आत-बाहेर करतात आणि त्यातून विद्युत-लहर उठते. या यंत्रणेत बिघाड होण्याच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत. पहिलीत एखादा पुंजका आपला नेमस्त वेग सोडून फार जलद किंवा फार मंद होतो. दुसरीत एका लहरीच्या शेपटीलाच नवी अवेळी लहर उठते. पोटॅशियम उतरले असता किंवा काही औषधांमुळे असे घडते. तिसरी तऱ्हा सर्वांत जास्त आढळते : लहर विझण्याऐवजी एका बंद वर्तुळात फिरत राहते. त्यासाठी दोन वाटा लागतात, एक जलद व एक मंद, आणि त्यांतली एक क्षणभर बंद असावी लागते. लहर मोकळ्या वाटेने पुढे जाते, तोवर बंद वाट खुली होते, आणि लहर तिच्यातून मागे फिरून पुन्हा पहिल्या वाटेला लागते. जॉर्ज राल्फ माइन्स या तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये प्राण्यांच्या हृदयऊतीवर हे दाखवून दिले. वर्तुळ एका जागी तोडले की ताल थांबतो, हा त्याच्या निरीक्षणाचा सरळ अर्थ होता. सत्तर वर्षांनी सुरू झालेला ॲब्लेशनचा उपचार याच तत्त्वावर उभा आहे.

बिघाडांचे प्रकार

नाडीतली प्रत्येक अनियमितता हा आजार नव्हे. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना मंद होते. मुलांत व तरुणांत हे ठळकपणे दिसते. रोज धावणाऱ्याची किंवा गाढ झोपेतल्या माणसाची नाडी ४०-५० पर्यंत उतरली तरी त्यात वावगे काही नसते. ठोका चुकला असे वाटते तेव्हा बहुधा एक ठोका वेळेआधी पडलेला असतो आणि त्यानंतरची मोठी विश्रांती माणसाला जाणवते. हृदय एरवी सुदृढ असेल तर अशा तुरळक ठोक्यांना उपचार लागत नाहीत. रुग्णाला हे नीट समजावून सांगणे हाच त्यावरचा उपचार.

जलद तालांपैकी वरच्या कप्प्यांशी निगडित असलेला एसव्हीटी एकाएकी सुरू होतो आणि एकाएकी थांबतो. नाडी १५० ते २२० पर्यंत जाते, पण नियमित असते. बहुतेकांत एव्ही नोडजवळच्या दोन वाटांचे वर्तुळ त्याच्या मुळाशी असते. काहींत अलिंद आणि निलय जोडणारी एक जास्तीची वाट जन्मतःच असते. वूल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये वर्णन केलेली अवस्था ती हीच.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘एएफ’, हा दीर्घकाळ टिकणारा सर्वांत सामान्य बिघाड आहे. यात अलिंदांत मिनिटाला साडेतीनशेहून जास्त विस्कळीत लहरी उठतात. अलिंदे नुसती थरथरतात, आणि एव्ही नोडमधून त्यातल्या काही लहरी वाटेल तेव्हा खाली झिरपतात. त्यामुळे मनगटावरची नाडी पूर्णपणे बेताल लागते. दोन ठोक्यांतले अंतरही सारखे नसते आणि जोरही.

निलयांतून उठणारे ताल अधिक गंभीर. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियात निलये अलिंदांना न जुमानता जलद धडकत राहतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये निलये केवळ कापतात, रक्ताभिसरण थांबते आणि माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. अकस्मात हृदय बंद पडण्यामागे पुष्कळदा हेच असते.

मंद तालांत सायनस नोडचा थकवा आणि हार्ट ब्लॉक हे दोन प्रमुख. हार्ट ब्लॉकमध्ये वरचा संदेश खाली उशिरा पोहोचतो, मधूनमधून पोहोचतो किंवा मुळीच पोहोचत नाही. चालताना दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, भोवळ येऊन पडणे ही त्याची लक्षणे. लोकभाषेत ‘हृदयातला ब्लॉक’ हा शब्द रक्तवाहिनीतल्या अडथळ्यासाठीही वापरला जातो, पण तो आजार निराळा आणि त्याचा उपचारही निराळा.

कारणे

वय वाढते तशी हृदयाच्या स्नायूत तंतुमय ऊती वाढते आणि संदेशाची वाट खडबडीत होते. उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता आणि झोपेत श्वास अडण्याचा आजार यांनी अलिंदे ताणली जातात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्नायूत राहिलेला व्रण निलयांतल्या वर्तुळांना जागा देतो. हृदयाबाहेरची कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. थायरॉइडचा अतिरेक, रक्तक्षय, ताप, मद्य, तंबाखू यांनी ताल बिघडतो. जुलाब-उलट्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम व मॅग्नेशियम घटते. मूत्रपिंडे निकामी झाली की उलट पोटॅशियम साचते, आणि दोन्ही टोके हृदयाला घातक ठरतात. काही प्रतिजैविके, मलेरियावरील काही औषधे आणि मानसिक आजारांवरील काही गोळ्या ईसीजीतला क्यूटी हा कालखंड लांबवतात. तो जन्मतःच लांब असलेल्या व्यक्तींत ही औषधे जीवघेणा ताल सुरू करू शकतात. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, याचे कारण हेच.

भारतात एका कारणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ते म्हणजे संधिवातज्वराने झालेला झडपांचा आजार. पाच ते पंधरा वयातल्या मुलांना स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसादुखी होते. त्यांतल्या काहींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा पुढे स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांध्यांची सूज ओसरते, पण मायट्रल झडप हळूहळू जाड व अरुंद होत जाते. तिच्यामागे डावे अलिंद फुगते आणि एएफ सुरू होतो. पाश्चात्त्य देशांत एएफ मुख्यतः वार्धक्याचा आजार आहे. इथे तो तिशी-चाळिशीतल्या बाईला गाठतो, कित्येकदा बाळंतपणाच्या काळात. घसादुखीवर वेळीच दिलेले पेनिसिलिन ही साखळी सुरुवातीलाच तोडते. एकदा संधिवातज्वर झालेल्या मुलाला दर तीन ते चार आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन झडपेची पुढची हानी रोखते. हे इंजेक्शन वर्षानुवर्षे चुकवू नये, एवढी साधी गोष्ट पुढच्या साऱ्या महागड्या उपचारांहून मोलाची आहे.

महाराष्ट्राच्या मातीतली दोन विषेही या यादीत येतात. कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाचे विष शरीरातल्या स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठवते; रक्तदाब चढतो, ताल बिघडतो, हृदय क्षीण होते आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात राहून या दंशाचा चिकाटीने अभ्यास केला आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपचार रूढ केला. त्यामुळे दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. दुसरे विष पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे. कुंपणाला सर्रास लावल्या जाणाऱ्या या झाडाच्या बियांत डिजॉक्सिन या हृदयावरच्या औषधाच्या कुळातली द्रव्ये असतात. त्यांनी हार्ट ब्लॉकपासून व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनपर्यंत काहीही होऊ शकते. मुलाने खेळताना बी चघळली तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

निदान

पहिले साधन म्हणजे मनगटावरची तीन बोटे. नाडी जलद आहे की मंद, नियमित आहे की बेताल, हे कोणत्याही यंत्राशिवाय कळते. साठीनंतर रक्तदाब तपासताना नाडीही मिनिटभर पाहिली, तर लपलेला एएफ पुष्कळदा सापडतो. नेमके निदान मात्र त्रास चालू असताना काढलेल्या ईसीजीवरच होते. धडधड थांबल्यावरचा ईसीजी निर्दोष आला म्हणून बिघाड नव्हता असे ठरत नाही. यासाठी २४ तास किंवा अधिक काळ ताल नोंदवणारा होल्टर वापरतात. तो अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी विकसित केला. महिनोन्‌महिने मधूनच भोवळ येत असेल तर त्वचेखाली बसवायचे छोटे नोंदयंत्रही मिळते. मनगटावरची स्मार्ट घड्याळे इशारा देऊ शकतात. त्याची खातरजमा डॉक्टरांनी ईसीजी पाहून करावी. जोडीला झडपा व स्नायू पाहण्यासाठी टूडी एको, आणि रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम यांची तपासणी होते.

धडधडीबरोबर छातीत दुखणे, दम लागणे किंवा शुद्ध हरपणे, व्यायाम करताना भोवळ येणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातली ताकद जाणे यांपैकी काहीही घडले तर ते तातडीचे समजून रुग्णालयात जावे.

औषधे आणि त्यांचा धडा

तालावर परिणाम करणारे पहिले परिणामकारक औषध वनस्पतीतून आले. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लव्ह या झाडाच्या पानांवरचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यातूनच डिजॉक्सिन आले. विसाव्या शतकात क्विनिडीन आणि पुढे बीटा-ब्लॉकर आले. बीटा-ब्लॉकर घडवणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल मिळाले. एसव्हीटीसाठी तर कधीकधी औषधही लागत नाही. अर्धवट बसून पंधरा सेकंद जोराने कुंथायचे आणि लगेच आडवे होऊन पाय उचलून धरायचे, या युक्तीने २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीत ४३ टक्के रुग्णांचा ताल पूर्ववत झाला. नुसते कुंथून तो १७ टक्क्यांचाच झाला होता. ते साधले नाही तर शिरेतून दिलेले ॲडेनोसिन काही सेकंदांपुरता एव्ही नोड बंद करून वर्तुळ तोडते.

औषधांचा सर्वांत मोठा धडा मात्र अपयशातून मिळाला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर निलयांतून वारंवार अवेळी ठोके येणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त असते, हे ठाऊक होते. तेव्हा ते ठोके दाबले तर माणसे वाचतील, असा तर्क झाला आणि एन्कॅनाइड व फ्लेकॅनाइड ही औषधे सर्रास दिली जाऊ लागली. कास्ट या अमेरिकी चाचणीत हा तर्क तपासला गेला. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके दाबले गेले होते, आलेख स्वच्छ दिसत होता, आणि माणसे जास्त मरत होती. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग थांबवावा लागला. कागदावरचा ताल सुधारणे आणि रुग्णाचे आयुष्य वाढवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून या शाखेचे मूलभूत सूत्र झाले. आजही ॲमिओडॅरोनसारखे प्रभावी औषध देताना थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसे यांच्यावर नजर ठेवावी लागते.

एएफचा उपचार

हेच सूत्र एएफमध्ये सर्वाधिक उपयोगी पडते. थरथरणाऱ्या अलिंदात, विशेषतः डाव्या अलिंदाला जोडलेल्या छोट्या पिशवीत, रक्त साकळते. तिथली गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि मायट्रल झडप अरुंद असेल तर त्याहूनही कितीतरी अधिक. म्हणून पहिला निर्णय तालाचा नसतो. रक्त साकळू न देणाऱ्या औषधाचा असतो. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची क्षीणता, आधीचा पक्षाघात आणि रक्तवाहिन्यांचे आजार यांवरून धोका मोजला जातो. ॲस्पिरिन या कामाला पुरेसे नाही.

वॉरफॅरिन व ॲसेनोकूमारॉल ही जुनी औषधे. त्यांची मात्रा आयएनआर या रक्तचाचणीने ठरवतात आणि तो बहुतेकांत २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांतले ‘के’ जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करते. भाज्या सोडायच्या नाहीत, त्यांचे प्रमाण साधारण सारखे ठेवायचे. वेदनाशामक गोळ्या आणि जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान या नव्या औषधांना नियमित आयएनआर लागत नाही आणि झडपेचा आजार नसलेल्या बहुतेक रुग्णांसाठी ती सोयीची ठरतात. संधिवातज्वराने झडप बिघडलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी. भारतासह अनेक देशांत साडेचार हजारांवर अशा रुग्णांमध्ये झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला : रिव्हारोक्साबान घेणाऱ्यांपेक्षा जुने औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. त्यामुळे या रुग्णांनी सोयीपोटी आपणहून औषध बदलू नये.

त्यानंतर येतो वेग आणि ताल यांचा प्रश्न. नुसता वेग आटोक्यात ठेवावा की मूळ ताल परत आणावा, याची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अफर्म चाचणीने चार हजारांवर रुग्णांत केली. आयुर्मानात फरक आढळला नाही. २०२० च्या युरोपातील ईस्ट चाचणीने मात्र दाखवले, की एएफ सुरू झाल्यापासून वर्षभराच्या आत ताल सांभाळण्याचे उपचार केले तर पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात. त्यामुळे वेळ कोणती आणि रुग्ण कोण, यावर निवड ठरते.

तारा, यंत्रे आणि तातडी

वर्तुळ तोडण्याचा कायमचा मार्ग म्हणजे ॲब्लेशन. मांडीच्या शिरेतून हृदयात पातळ तारा सरकवून बिघाडाची जागा शोधतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने ती निकामी करतात. एव्ही नोडजवळच्या वर्तुळांत आणि जास्तीच्या वाटांत यश ९० टक्क्यांहून बरेच वर आहे. तरुण रुग्णाची आयुष्यभराची गोळी त्यामुळे सुटू शकते. एएफच्या लहरी बहुधा फुप्फुस-शिरांच्या मुखाशी उगम पावतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवले आणि त्या आजारालाही ॲब्लेशनचा मार्ग खुला झाला.

मंद तालावर पेसमेकर. पहिला पूर्णतः शरीरात बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये शल्यविशारद ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांना बसवला; यंत्र अभियंते रूने एल्मक्विस्ट यांनी घडवले होते. ते काही तासांतच बंद पडले. तरीही प्रयत्न सोडले गेले नाहीत. लार्सन यांना आयुष्यात दोन डझनांहून अधिक यंत्रे लागली आणि ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आजच्या पेसमेकरची बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे टिकते. यंत्र बसवलेली माणसे काम करतात, प्रवास करतात, मोबाइल वापरतात.

जीवघेण्या जलद तालावर विजेचा झटका हाच उपाय. क्लॉड बेक यांनी १९४७ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर थेट हृदयाला झटका देऊन एका मुलाला वाचवले. मिशेल मिरोव्स्की यांच्या ध्यासातून १९८० मध्ये शरीरात बसवायचा डिफिब्रिलेटर प्रत्यक्षात आला. ज्यांचे हृदय फार क्षीण झाले आहे किंवा जे एकदा अशा प्रसंगातून वाचले आहेत, त्यांच्या छातीत तो सतत पहारा देतो.

परंतु बहुतेक अकस्मात मृत्यू अशा यंत्राच्या आवाक्याबाहेर, घरात किंवा रस्त्यावर होतात. समोर कोसळलेली व्यक्ती हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. झटका मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराबरोबर वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. दाब चालू असतील तर ही घट मंदावते. हे कौशल्य शाळेतल्या मुलांनाही शिकता येते आणि ते घराघरांत पोहोचले पाहिजे. तालाच्या बाकी सर्व बिघाडांत वेळ हाताशी असतो : नाडी पाहावी, ईसीजी काढावा, मूळ कारण शोधावे, आणि उपचाराने नेमके काय साधायचे आहे हे रुग्ण व डॉक्टर यांनी मिळून ठरवावे.